ग्रीझवीझल बोर्ड वापरून बघितलं: वाळवीने खाल्लेली स्मरणिका आणि बाबांच्या सहा फ्लॉप्या

ज्यांच्या घरी माळ्यावर अजून फ्लॉप्यांचा डबा पडलाय त्यांनी जुन्या फ्लॉप्या वाचणारं हे ग्रीझवीझल बोर्ड घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत घ्यावं. आता का ते सांगते, जरा लांबण लागेल.

बाबांचा कणकवलीत डीटीपीचा धंदा होता, ९४ सालापासून. लग्नपत्रिका, भजनी मंडळांची हँडबिलं, आरत्यांची पुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. ९७ साली आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा त्यांनी स्मरणिका केली होती, पैसे न घेता. त्यात मानकऱ्यांची घराणी, पालखी कुठल्या वाडीतून कशी फिरते ते, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून बसून लिहून घेतलेली फुगडीची गाणी. त्यातली एकही बाई आज हयात नाही. छापील प्रती देवळाच्या माळ्यावर ठेवलेल्या त्या वाळवीने खाल्ल्या, घराघरात होत्या त्यांचं काय झालं कोणास ठाऊक, आम्हाला एक धड प्रत मिळाली नाही. आता पुन्हा छापायची म्हटल्यावर मला बाबांचा तो प्लास्टिकचा डबा आठवला. बाबा म्हणाले, "फेकून दी गो ता सगळा, आता काय उपयोग आसा तेचो?" पण डबा काढून दिला त्यांनीच, आणि कुठली फ्लॉपी कुठल्या कामाची ते लेबल न बघता सांगितलं.

स्मरणिकेच्या सहा फ्लॉप्या. साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या. पेजमेकरच्या (पानं मांडायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर) फाइली आणि स्कॅन केलेले फोटो एका फ्लॉपीत मावत नसत म्हणून एआरजेने, म्हणजे फाइली दाबून भरायच्या सॉफ्टवेअरने, तुकडे करून सहांवर भरलेले, पहिल्यावर डॉट एआरजे, मग ए०१, ए०२ असं ए०५ पर्यंत. म्हणजे सहाच्या सहा पाहिजेत, एक जरी गेली तरी पुढचं अडलं.

आधी मी यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह मागवली. पहिली फ्लॉपी घातली, घरघर झाली आणि स्क्रीनवर आलं की डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का. एका शहरातल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे दोन फ्लॉप्या पाठवून बघितल्या, त्यांनी "ब्लँक आहे" असं लिहून परत पाठवल्या. कुरिअरचे पैसे गेले त्याचं काही नाही, पण मी ते जवळजवळ खरं मानलं होतं आणि डबा परत माळ्यावर गेला असता. पण ती पहिली फ्लॉपी ब्लँक नव्हती. २८८० सेक्टरांपैकी २८७९ तिच्यावर नीट होते.

तर बोर्ड. ग्रीझवीझल हे तळहाताएवढं साधं सर्किट आहे, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिनांची पट्टी जिथे जुन्या डेस्कटॉपमधली फ्लॉपी ड्राइव्हची चपटी केबल लागते. कीअर फ्रेझर या माणसाने बनवलंय आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं सोडलंय, कुणीही वापरा, बदला. मला कस्टम वगैरे धरून चार हजारांच्या आत पडलं. ड्राइव्ह सोबत येत नाही, ती आपण शोधायची. यूएसबीची ड्राइव्ह इथे चालत नाही, जुन्या मशीनमधली आतली ड्राइव्हच लागते. मी कुडाळच्या एका भंगारवाल्याकडून तीन उचलल्या, तिन्हीचे मिळून तीनशे रुपये, आणि तीन घेतल्या ते फार बरं केलं.

या बोर्डात वेगळं काय ते कळायला फ्लॉपीवर माहिती कशी मांडलेली असते ते समजून घ्यावं लागतं. मला ते समजायला दोन आठवडे लागले, आणि खरं सांगते, इतकं विचार करून केलेलं काम मी क्वचित बघितलंय.

फ्लॉपीच्या आतली चकती म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा लेप. तिच्यावर दोन्ही बाजूंनी ८०-८० गोल वाटा असतात, म्हणजे ट्रॅक. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एकच वळत जाणारी रेघ नव्हे, प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र बंद वर्तुळ. शून्य नंबरचा सगळ्यात बाहेर, ७९ नंबरचा आत. दोन शेजारच्या ट्रॅकमध्ये अंतर किती, तर पाव मिलिमीटरही नाही, ०.१८७५ मिमी. प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे म्हणजे सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट. ८० गुणिले २ गुणिले १८ म्हणजे २८८०, त्याला ५१२ ने गुणा, १४,७४,५६० बाइट होतात. याच आकड्याला आपण सगळे १.४४ एमबी म्हणत आलो. (ट्रॅक आणि बाजू शून्यापासून मोजायच्या आणि सेक्टर मात्र एकपासून, हे असं का केलं ते मला अजून पटलेलं नाही पण लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर सगळी गणितं एकाने चुकतात.)

आता यातली खरी गंमत. चकती मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे एक फेरा सेकंदाचा पाचवा भाग. सेकंदाला पाच लाख बिट या वेगाने लिहिलं तर एका फेऱ्यात एक लाख बिट बसतात, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट या हिशोबाने १२,५०० बाइट. पण आपल्या वाट्याला येतात १८ गुणिले ५१२ म्हणजे ९,२१६. मग उरलेले ३,२८४ बाइट गेले कुठे? ते सगळे पत्ते, खुणा आणि मोकळ्या जागेत गेले. आणि माझ्या फ्लॉप्या वाचल्या त्या याच ३,२८४ बाइटांमुळे.

ट्रॅकची सुरुवात झाली की आधी ८० बाइट नुसती भरताड, मग एक खूण की ट्रॅक इथून सुरू, मग आणखी ५० बाइट मोकळे. मग पहिला सेक्टर. सेक्टराचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे घरावरची पाटी: मी अमुक ट्रॅकचा, अमुक बाजूचा, अमुक नंबरचा सेक्टर आणि माझ्यात इतके बाइट आहेत, एवढे चार बाइट आणि त्याच्यामागे दोन बाइट पडताळणीचे, त्याला सीआरसी म्हणतात. मग २२ बाइट मोकळे. मग दुसरा भाग, आपले ५१२ बाइट, त्यांच्यामागे पुन्हा दोन बाइट पडताळणीचे. मग १०८ बाइटांची मोकळी जागा आणि मग पुढच्या सेक्टराची पाटी. असं १८ वेळा.

ही मोकळी जागा बघून मला पहिल्यांदा वाटलं काय ही उधळपट्टी. पण तसं नाहीये. आपण फाइल सेव्ह करतो तेव्हा पाटी पुन्हा लिहिली जात नाही, पाटी फॉरमॅट करताना एकदाच लिहिलेली असते, ड्राइव्ह ती वाचते, हाच तो सेक्टर असं ठरवते आणि त्याच्यामागचे ५१२ बाइट फक्त नवे लिहिते. चकती फिरतच असते, त्यामुळे वाचण्यावरून लिहिण्यावर यायला तिला जी उसंत लागते ती म्हणजे ते २२ बाइट. आणि बाबांच्या मशीनची मोटर शंभरात एखाद्या टक्क्याने जोरात फिरत असेल तर ५१२ बाइट संपायला जरा जास्त लांबी लागणार, ते पुढच्या घराच्या पाटीवर चढू नयेत म्हणून मधली १०८ ची गडग्याबाहेरची पाणंद. दोन कुंपणांच्या मध्ये माणूस चालायला जागा सोडतात तशी. ज्यांनी ही मांडणी ठरवली त्यांना ठाऊक होतं की जगात कुठल्याच दोन मोटरी सारख्या फिरत नाहीत. याचं मूळ आयबीएमच्या आठ इंची फ्लॉपीत आहे, ती ७७ ट्रॅकची, २६ सेक्टर, प्रत्येकात फक्त १२८ बाइट, आणि पाटी-मोकळी जागा-माल ही रचना तेव्हापासून चालत आलीय.

आता सगळ्यात अवघड भाग, पण मला सगळ्यात आवडलेला. लेपावर शून्य आणि एक असं काही लिहिलेलं नसतं. चुंबकाची दिशा कुठे पालटली एवढंच असतं, आणि ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्याखालून ती पालटलेली जागा गेली की एक ठोका मिळतो. एक म्हणजे ठोका, शून्य म्हणजे ठोका नाही. पण मग ओळीने वीस शून्य आले तर? वीस गेले की एकोणीस हे कळणार कसं, मोटर तर थोडी मागेपुढे होत राहणार. आमच्याकडची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ज्यांनी ऐकलीय त्यांना हे लगेच कळेल. पखवाजवाला गप्प झाला तरी टाळ चालू असतात म्हणून लय सुटत नाही. लिहिण्याच्या जुन्या एफएम पद्धतीत प्रत्येक बिटाबरोबर एक टाळ असायची, म्हणजे निम्मी जागा टाळांनीच खायची. मग एमएफएम आली. तिचा नियम असा की पखवाजाचा ठोका असेल तर टाळेची गरज नाही, ठोक्यानेच लय कळते. टाळ फक्त दोन शून्यांच्या मध्ये वाजवायची, जिथे दोन्हीकडे शांतता आहे तिथे. एवढ्या एका बदलाने तेवढ्याच चकतीत दुप्पट माल बसला. १.४४ च्या फ्लॉपीत दोन ठोक्यांमधलं अंतर त्यामुळे तीनच प्रकारचं असतं, दोन, तीन किंवा चार मायक्रोसेकंद. चौथा प्रकार नाही.

मग पाटी कुठे सुरू होते ते कसं ओळखायचं, कारण पाटीवरचे बिट आणि मालातले बिट दिसायला सारखेच. तर पाटीच्या आधी ए१ हा बाइट तीनदा लिहितात, आणि त्यात चार शून्यांच्या मध्ये एक टाळ मुद्दाम गाळतात. नियमाने लिहिलेल्या मालात अशी गाळलेली टाळ येऊच शकत नाही. म्हणून ती ऐकू आली की ड्राइव्हला कळतं, ही सम, आता पुढे पत्ता आहे. मी हे वाचलं त्या रात्री आईला उठवून सांगितलं होतं.

साधी यूएसबी ड्राइव्ह काय करते, तर तिच्यातली चिप हे सगळं स्वतःपाशी ठेवते आणि कॉम्प्युटरला फक्त एवढंच सांगते की अमुक सेक्टर मिळाला किंवा नाही मिळाला. ग्रीझवीझल यातलं काहीच ठरवत नाही. ट्रॅकवर डोकं नेतं आणि एकेक ठोका किती वेळाने आला ते जसंच्या तसं लिहून कॉम्प्युटरला देतं. एक फेरा, तीन फेरे, पाच फेरे, सांगाल तितके. मी पाच फेऱ्यांवर ठेवलं होतं, एका फ्लॉपीला तीनेक मिनिटं लागली आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीची कच्ची फाइल शंभर एमबीच्या पुढेमागे झाली. एकदा ती फाइल हातात आली की फ्लॉपी बाजूला ठेवायची, पुढची झटापट सगळी फाइलवर करायची. जीर्ण फ्लॉपी पुन्हा पुन्हा फिरवायला लागत नाही, आणि माझ्या मते चार हजारांचं मोल इथेच वसूल होतं.

वाचन झालं की स्क्रीनवर नकाशा येतो, आडवे ट्रॅक, उभे सेक्टर, चांगल्याला टिंब आणि गेलेल्याला फुली. बाबांना तो नकाशा मी दाखवला तर त्यांना तो भातशेतीच्या लावणीसारखा दिसला, कुठे कुठे रोप मेलंय ते दिसतं तसं.

पहिली फ्लॉपी, जिला ब्लँक म्हणून परत पाठवलं होतं. पूर्ण नकाशा टिंबांचा, फुली एकच. ट्रॅक शून्य, बाजू शून्य, सेक्टर एक. आणि तो एकच सेक्टर असा की त्यात बाकीच्या फ्लॉपीची माहिती लिहिलेली असते, किती ट्रॅक, किती सेक्टर, फॅट (कुठली फाइल कुठल्या सेक्टरांत आहे त्याचा तक्ता) कुठे, फाइलींची यादी कुठे. तो वाचता आला नाही की विंडोज म्हणणार फॉरमॅट नाही. मी काय केलं, तर दुसऱ्या त्याच मापाच्या चांगल्या फ्लॉपीचा पहिला सेक्टर कॉपी करून फाइलमध्ये त्या जागी चिकटवला, कारण डॉसने, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमने, फॉरमॅट केलेल्या सगळ्या १.४४ फ्लॉप्यांत ती मापं सारखीच असतात. फाइल उघडली. एसएमआरएन डॉट एआरजे, तारीख ९७ ची. बाबा खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ आले.

म्हणून हात जोडून सांगते, तो फॉरमॅटचा प्रश्न आला की नाही म्हणा. फ्लॉपीचं पूर्ण फॉरमॅट म्हणजे नुसती यादी पुसणं नव्हे, प्रत्येक ट्रॅक नव्याने आखला जातो, नव्या पाट्या लागतात आणि प्रत्येक सेक्टरात एफ६ हा एकच बाइट ५१२ वेळा भरला जातो. त्याच्यानंतर हे बोर्डसुद्धा काही करू शकत नाही.

दुसरी, तिसरी, चौथी यांच्यात वेगळाच घोळ. भंगारातल्या पहिल्या ड्राइव्हवर प्रत्येक ट्रॅकमधले १८ पैकी बारा-तेरा सेक्टर यायचे. मी समजले बुरशी. साफ केली, तरी तेच. मग दुसरी ड्राइव्ह लावली आणि त्याच फ्लॉप्या अठरापैकी अठरा वाचल्या. हे डोक्याच्या अलाइनमेंटचं काम. लिहिणाऱ्या मशीनचं डोकं वाटेच्या मध्यापासून केसाच्या जाडीएवढं जरी सरकलेलं असेल तर ती स्वतः लिहिलेलं स्वतः बरोबर वाचते, दुसरीला मात्र ट्रॅकची कड तेवढी मिळते. बाबांनी लगेच सांगितलं की त्यांच्या मशीनवरची फ्लॉपी सावंतवाडीच्या ऑफसेटवाल्याकडे कधी धड चालायची नाही, ते तिकडचीच फ्लॉपी मागवून तिच्यावर कॉपी करायचे तरी तक्रार यायची. २७ वर्षांनी कारण कळलं त्यांना. तेव्हा ज्यांना बोर्ड घ्यायचंय त्यांनी ड्राइव्ह किमान दोन जमवाव्यात, बोर्ड कितीही चांगलं असलं तरी ऐकणारा कान ड्राइव्हचाच आहे. डोक्याचे स्क्रू फिरवून अलाइन करायच्या भानगडीत मी पडले नाही, दुसऱ्यांनीही पडू नये.

पाचवी फ्लॉपी मात्र खरोखर आजारी होती. शटर सरकवून बघितलं तर चकतीवर पांढुरके गोल डाग, चामड्याच्या चपलेवर श्रावणात येतात तसे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, तिथे फ्लॉपीच्या आतल्या कापडी अस्तराने पाणी धरलं नसतं तरच नवल. बुरशीवाली फ्लॉपी तशीच फिरवायची नाही, ती घाण डोक्यावर बसते आणि मग पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा मारते. मी केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, शटर उघडं धरून कापसाच्या काडीने हळू पुसत मधला धातूचा गोल बोटाने फिरवत गेले, दोन्ही बाजूंनी, मग तासभर सुकत ठेवली, मग वाचली. मग ड्राइव्हचं डोकं पण पुसलं. प्रत्येक फ्लॉपीनंतर पुसायचं, आळस करायचा नाही.

तरी तीन फुल्या राहिल्या. ट्रॅक ६१, बाजू १, सेक्टर ५, ६, ७. ओळीने तीन म्हणजे एकच ओरखडा किंवा एकच डाग. आतल्या ट्रॅकवर असं जास्त होतं असं माझं निरीक्षण, आणि त्याला कारण आहे: शून्य ट्रॅकचा घेर साधारण २५ सेंटिमीटर आणि ७९ व्याचा साडेपंधरा, पण दोघांवरही बिट तितकेच कोंबायचे. आत दाटी, म्हणून तेवढाच डाग आत पडला तर जास्त बिट खातो. (जुन्या मॅकिंटॉशने यावर चांगला उपाय केला होता, बाहेरच्या ट्रॅकवर १२ सेक्टर, मग ११, १०, ९ आणि सगळ्यात आत ८, आणि मोटरचा वेग त्याप्रमाणे बदलायचा. पीसीवाल्यांनी सरसकट एकच माप ठेवलं, सोपं पडतं म्हणून.)

त्या एका ट्रॅकसाठी पुन्हा पुसून मी वीस फेरे घेतले. सहावा आणि सातवा सेक्टर एकेका फेऱ्यात बरोबर आला, म्हणजे पडताळणीचे दोन बाइट जुळले. पाचवा आला नाही. वीसही फेऱ्यांत सीआरसी चुकीचा. तिसऱ्या ड्राइव्हवर पण नाही.

मग तो सेक्टर नक्की कशाचा हे शोधायला बसले, आणि मांडणी माहीत असली की हे कागदावर करता येतं. डॉस आधी एका ट्रॅकची खालची-वरची अशा दोन्ही बाजू भरतो आणि मगच डोकं पुढे सरकवतो, कारण बाजू बदलायला काही हलवावं लागत नाही, डोकं हलवायला मात्र वेळ जातो. म्हणजे एका जागी दोन्ही बाजू मिळून ३६ सेक्टर. ६१ गुणिले ३६ म्हणजे २१९६, वरची बाजू म्हणून अधिक १८, आणि पाचवा सेक्टर म्हणून अधिक ४. झाला २२१८. फ्लॉपीच्या सुरुवातीचे ३३ सेक्टर सरकारी कामाचे, एक बूटचा, नऊ-नऊचे दोन फॅट आणि १४ फाइलींच्या यादीचे. ते वजा केले, २१८५ उरले. त्या फ्लॉपीवर एकच फाइल, सुरुवातीपासून सलग. म्हणजे फाइलच्या ११,१८,७२० व्या बाइटपासून पुढचे ५१२ बाइट नाहीत, बाकी सगळं आहे.

सहावी पहिल्या फटक्यात आली. सगळं जोडून उघडलं. पेजमेकरच्या फाइली सगळ्या पूर्ण. गेलेले ५१२ बाइट एका स्कॅन केलेल्या फोटोत पडले होते, दाबून ठेवलेली फाइल असल्यामुळे तिथून पुढचा फोटो बिघडला. जुन्या सभामंडपाचा फोटो, वरचं कौलारू छप्पर आणि खांबांची वरची टोकं दिसतात, खाली बसलेली माणसं गेली. बाबांना ती कोण होती ते आठवतंय, उजवीकडून डावीकडे नावं सांगितली त्यांनी, ती मी लिहून घेतलीत.

मजकूर उघडल्यावर आणखी एक काम निघतं ते आधीच सांगते म्हणजे कुणी घाबरणार नाही. तेव्हाचं मराठी युनिकोड नव्हतं, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे फॉन्ट असायचे आणि ते फॉन्ट नसतील तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कालवा दिसतो. तो बिघाड नाही, फॉन्ट टाकला की मराठी दिसतं, आणि कन्व्हर्टरने युनिकोड करून मग हाताने तपासायचं. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. माझी फुगडीची गाणी तपासून झाली, आई शेजारी बसून म्हणत होती आणि मी जुळवत होते. मानकऱ्यांचा भाग चालू आहे, तिथे आडनावांचा प्रश्न आहे म्हणून तो बाबाच बघणार.

बोर्डबद्दल ज्या गोष्टी आधी कळायला हव्यात त्या अशा. सोबत येणारं सॉफ्टवेअर कमांड टाइप करून चालवायचं आहे, माउसची सवय असलेल्यांना पहिला दिवस जड जाईल, पण रोज लागणाऱ्या कमांड चार-पाचच आहेत. बोर्ड उघडं असतं, डबी नसते, मी नारळवडीच्या रिकाम्या डब्यात बसवलंय. साडेतीन इंची ड्राइव्हला पाच व्होल्ट पुरतात, पण सव्वापाच इंची मोठ्या ड्राइव्हला बारा व्होल्टही लागतात, त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बाजूला ठेवा, भंगारात देऊ नका. आणि फ्लॉपी घालायच्या आधी कोपऱ्यातली लिहिण्याची खिडकी उघडी आहे ना ते बघा, उघडी असेल तर तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

कामाला बसायचं तर दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत, हवा कोरडी असताना. मे महिन्यातला घाम आणि उकाडा फ्लॉपीला बाधतो असं नाही पण वीज सारखी जाते आणि वाचता वाचता ड्राइव्ह मध्येच थांबली की जीव वर येतो. वाचून झालेल्या फ्लॉप्या मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्यात, फेकल्या नाहीत, पाचव्या फ्लॉपीचा तो एक सेक्टर उद्या कुठल्या चांगल्या ड्राइव्हवर मिळणारच नाही असं मी मानत नाही.

आता डब्याच्या तळाशी सव्वापाच इंची अकरा फ्लॉप्या आहेत, ३६० केबीच्या, बाबांनी धंदा नुकताच सुरू केला होता तेव्हाच्या, ४० ट्रॅक आणि ९ सेक्टरवाल्या. त्यात गावच्या वाचनालयाची पुस्तकांची पहिली यादी आहे असं बाबा म्हणतात. बोर्डाला त्या वाचता येतात, माझ्याकडे ड्राइव्ह नाही. सावंतवाडी ते राजापूर कुणाच्या जुन्या मशीनमध्ये सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल, चालू असो वा बंद, तर मी येऊन घेऊन जाईन, आणि त्यांच्या स्वतःच्या फ्लॉप्या असतील तर त्याही वाचून देईन.